आधार, आधेय आणि ‘ऑटो’

वस्तूचे माप वस्तूत असते की तिला सामावणाऱ्या जागेत, हा भारतीय दर्शनांतला जुना आणि अजून न मिटलेला वाद आहे. घागरीत पाणी ओतले की पाणी घागरीचा आकार घेते. पोत्यात धान्य भरले की पोते धान्याचा आकार घेते. पहिल्या ठिकाणी आधार आधेयाला माप देतो, दुसऱ्या ठिकाणी आधेय आधाराला. संगणकाच्या आणि फोनच्या पडद्यावर मजकूर, बटणे, चित्रे यांची मांडणी करणारी फ्लेक्सबॉक्स ही सीएसएस या वेबपानांच्या शैलीभाषेतली पद्धत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करू पाहते. तिचा पहिला मसुदा २००९ मध्ये निघाला, आणि आज वापरात असलेले रूप २०१२ च्या सुमारास स्थिरावले. तिच्यात बाहेरच्या पेटीला कंटेनर म्हणतात आणि आतल्या पेट्यांना आयटम. पेटीचे माप लिहून दिले नसेल तर ते ‘ऑटो’ धरले जाते.

‘ऑटो’चे सरळ मराठी ‘आपोआप’ असे होते, आणि घोटाळ्याची सुरुवात इथेच होते. आपोआप म्हणजे कारणाशिवाय, असा समज बांधून काम करणाऱ्याला मांडणी का बिघडली हे कधीच कळत नाही. ‘ऑटो’ हे सापेक्ष पद आहे. ‘हे माप दुसऱ्या कुणाकडून घे’ एवढेच ते सांगते. तो दुसरा कोण हे संदर्भावरून ठरते. रुंदीसाठी तो बहुधा बाहेरचा असतो, उंचीसाठी बहुधा आतला. फ्लेक्स आयटमच्या बाबतीत तो कधी आतला, कधी बाहेरचा, कधी शेजारचाही असतो. म्हणून बिघाड शोधताना ‘माप किती आहे’ याच्या आधी ‘माप कुणाचे आहे’ असे विचारावे लागते, आणि हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे.

आधेयाकडून येणाऱ्या मापाचा विचार वैशेषिकांनी सर्वांत बारकाईने केला. त्यांच्या मते परिमाण हा द्रव्याचा गुण आहे आणि अणू, महत्, दीर्घ व ऱ्हस्व असे त्याचे चार प्रकार आहेत. अवयवांपासून बनलेल्या वस्तूला मोठेपणा कुठून येतो, याची प्रशस्तपाद या त्यांच्या आचार्याच्या ग्रंथात तीन कारणे सांगितली आहेत: अवयवांची संख्या, अवयवांचे स्वतःचे परिमाण आणि प्रचय. प्रचय म्हणजे अवयवांचा सैल संयोग. कापूस पिंजला की त्याचे तंतू वाढत नाहीत, जाडही होत नाहीत. तरी ढीग मोठा होतो, कारण तंतूंचे एकमेकांना चिकटणे सैल झालेले असते. दीड हजार वर्षांच्या आसपास जुने हे वर्गीकरण पडद्यावरच्या पेटीला आश्चर्य वाटावे इतके नेमके बसते. कंटेनरची रुंदी ‘ऑटो’ असून ती आतून ठरायची असेल, तर ती आयटमांच्या संख्येवर, प्रत्येक आयटमच्या रुंदीवर आणि दोन आयटमांमधल्या ‘गॅप’वर अवलंबून राहते. इथे एक भेद नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘गॅप’ हा खरा प्रचय आहे, तो कंटेनरच्या मापात मोजला जातो. ‘स्पेस-बिट्वीन’ने दिसणारे अंतर मात्र उरलेल्या जागेची वाटणी असते, उरायला काही नसेल तर तेही नसते. ही दोन्ही अंतरे डोळ्यांना सारखीच दिसतात आणि दोन्हींची कारणे उलट दिशांची असतात. आपल्या आयटमांच्या मापाला चिकटलेल्या कंटेनरमध्ये ‘स्पेस-बिट्वीन’ लिहूनही अंतर का पडत नाही, या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर एवढेच आहे.

आयटमचे स्वतःचे परिमाण तरी एक कुठे असते? मजकुराला दोन टोकाची मापे असतात. सगळा मजकूर एका ओळीत न मोडता मांडला तर जी रुंदी होते ती ‘मॅक्स-कंटेंट’. जिथे मोडता येईल तिथे तो मोडला आणि तरीही जो सर्वांत लांब अखंड तुकडा उरला, त्याची रुंदी ‘मिन-कंटेंट’. मराठीत हा अखंड तुकडा बराच लांब असू शकतो, कारण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ किंवा ‘महानगरपालिकेकडून’ हा ब्राउझरच्या दृष्टीने एकच शब्द आहे. तो मधे तोडायची परवानगी कुणी दिल्याशिवाय तुटत नाही. इंग्रजीत तीन छोट्या शब्दांत मावणारी सूचना मराठीत एका शब्दात येते, म्हणून इंग्रजीत नीट बसलेली बटणांची ओळ मराठी मजकूर घातल्यावर कडेबाहेर जाते. दोष भाषेचा नाही. मांडणी करणाऱ्याने किमान मापाचा विचार एकाच भाषेपुरता केलेला असतो.

वाटणीचा नियम उदाहरणाने स्पष्ट होतो. कंटेनर ९०० पिक्सेल रुंद आहे आणि आतल्या तीन आयटमांची मजकुरानुसार रुंदी १००, २०० आणि ३०० आहे असे धरले, तर ३०० पिक्सेल उरतात. ‘फ्लेक्स-बेसिस’, म्हणजे मापाचा पाया, ऑटो असून तिघांचा वाढीचा वाटा सारखा असेल, तर प्रत्येकाला शंभर मिळून रुंदी २००, ३०० आणि ४०० होते. पण ‘फ्लेक्स: १’ लिहिले तर पायाच शून्य धरला जातो, सगळे ९०० पिक्सेल सारखे वाटले जातात आणि प्रत्येकी ३०० येतात. पहिल्या वाटणीत आयटमचे पूर्वीचे माप मान्य करून फक्त उरलेल्यात समता आहे, दुसरीत पूर्वीचे माप बाजूला ठेवून सगळ्यातच समता आहे. ‘सारखे वाढायला सांगितले, तरी सारखे दिसत नाहीत’ या तक्रारीच्या मुळाशी हा पायाचा फरक असतो.

आकुंचनाची गोष्ट याहून सखोल आहे, आणि तिचा विचार जैन व वेदान्ती यांच्या जीव-परिमाणाच्या वादात पूर्वीच होऊन गेला आहे. जीवाचे माप काय, या प्रश्नाला तीन उत्तरे दिली गेली. न्याय-वैशेषिक आणि अद्वैत यांनी आत्मा विभू, म्हणजे सर्वव्यापी मानला. रामानुज, मध्व आणि वल्लभ यांनी जीव अणू मानला. जैनांनी तिसरी, मधली वाट धरली: जीव ज्या देहात असतो त्या देहाएवढा असतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात यासाठी दिव्याचा दृष्टान्त आहे. तोच दिवा खोलीत ठेवला तर प्रकाश खोलीभर होतो, भांड्याखाली झाकला तर भांड्यापुरता. जीवाचे प्रदेश संख्येने कमीजास्त होत नाहीत. त्यांचा संकोच आणि विस्तार होतो. दिव्याचा दृष्टान्त रामानुजांच्या परंपरेतही आहे, पण तिथे तो उलटा चालतो: ज्योत लहानच राहते, जीव अणूच राहतो, पसरतो तो त्याचा ज्ञानरूपी प्रकाश. एकच दिवा दोन दर्शनांत दोन निराळ्या मापांचा साक्षीदार झाला आहे.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, ३४ ते ३६ या सूत्रांच्या भाष्यात, जैन मताची परीक्षा केली. मनुष्यदेहाएवढा जीव कर्मानुसार हत्तीच्या देहात गेला तर तो सगळा देह भरणार नाही, आणि बारीक किड्याच्या देहात गेला तर मावणार नाही. एकाच जन्मात बालपण, तारुण्य आणि म्हातारपण यांतही हीच अडचण आहे. यावर जैन म्हणतील की जीवाला अनंत अवयव आहेत, ते लहान देहात आखडतात आणि मोठ्यात पसरतात. तेव्हा आचार्य विचारतात: हे अवयव एका जागी राहायला एकमेकांना अडवतात की नाही? अडवत असतील तर अनंत अवयव मर्यादित जागेत मावणार नाहीत. अडवत नसतील तर सगळे एकाच अवयवाच्या जागेत मावतील, आणि जीव अणूएवढाच होऊन बसेल.

या शृंगापत्तीचे, म्हणजे दुहेरी पेचाचे, मोल जैन मताच्या खंडनापुरते नाही. आकुंचन पावणाऱ्या कुठल्याही वस्तूला हा प्रश्न लागू आहे, आणि फ्लेक्सबॉक्सच्या ‘मिन-विड्थ’चा सगळा प्रश्न हाच आहे. आयटमांना आकसायची मुभा मुळातच असते, कारण ‘फ्लेक्स-श्रिंक’चे मूळ मूल्य एक आहे. आधीचाच कंटेनर ४५० पिक्सेलचा केला तर १५० पिक्सेल कमी पडतात. ही तूट सारखी वाटली जात नाही. ज्याचा पाया मोठा त्याच्यावर बोजाही मोठा. त्यामुळे २५, ५० आणि ७५ अशी कपात होऊन रुंदी ७५, १५० आणि २२५ होते. आता तिसऱ्या आयटममध्ये २७० पिक्सेलचा अखंड शब्द असेल, तर तो २२५ वर जाऊ शकत नाही, कारण फ्लेक्स आयटमच्या ‘मिन-विड्थ’चे मूळ मूल्य शून्य नसून ‘ऑटो’ आहे, आणि मजकुराचा आयटम त्यानुसार स्वतःच्या ‘मिन-कंटेंट’खाली जात नाही. मग ब्राउझर तिसऱ्याला २७० वर गोठवतो आणि वाटणी पुन्हा करतो. उरलेल्या १८० पिक्सेलमध्ये पहिले दोन ६० आणि १२० होऊन बसतात. तेही किमान मापाशी अडले, तर आयटम कंटेनरच्या कडेबाहेर जातात. शंकराचार्यांच्या प्रश्नाची पहिली बाजू ती हीच: अवयव अडवतात, म्हणून मावत नाहीत.

‘मिन-विड्थ: ०’ लिहिले की दुसरी बाजू पुढे येते. आता काहीच अडवत नाही, आयटम शून्यापर्यंत आकसू शकतो, आणि आतला मजकूर एकतर कापला जातो किंवा पेटी लहान राहून तो तिच्याबाहेर सांडतो. लांब मजकुराच्या शेवटी तीन टिंबे यावीत अशी इच्छा असते तेव्हा ही मुभा द्यावीच लागते. पण पेट्या एकात एक असतील तर ती प्रत्येक पातळीवर द्यावी लागते, कारण मधला एखादा आयटम ‘ऑटो’ राहिला तर तो आपल्या आतल्याचे किमान माप वरपर्यंत पोचवतो. बाहेरच्या एकाच पेटीवर उपाय करून थकलेल्या माणसाचा बिघाड बहुधा मधल्या पेटीत दडलेला असतो. शब्द तोडण्याच्या दोन आज्ञांतला भेदही इथेच कळतो. ‘ओव्हरफ्लो-रॅप’ला ‘ब्रेक-वर्ड’ दिले तर शब्द गरजेला तुटतो, पण किमान माप काढताना तो अखंडच धरला जातो, म्हणून आयटम आकसत नाही. ‘एनीव्हेअर’ दिले तर तुटण्याची शक्यता किमान मापातही धरली जाते. प्रत्यक्ष तुटणे आणि तुटण्याची योग्यता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आकुंचन योग्यतेवर ठरते.

जैन आचार्यांकडे या पेचाला उत्तर होते, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. जीवाचे प्रदेश मूर्त नाहीत, म्हणून ते एकमेकांना अडवत नाहीत. तरीही जीव एका प्रदेशाएवढा होत नाही, कारण संसारी जीवाला सूक्ष्म कार्मण शरीर सदैव चिकटलेले असते आणि त्याच्या अवगाहनेला, म्हणजे व्यापलेल्या जागेला, किमान मर्यादा आहे. म्हणजे किमान माप जीवाच्या स्वरूपातून येत नाही आणि बाहेरच्या स्थूल देहातूनही येत नाही. ते बरोबर चालणाऱ्या तिसऱ्या गोष्टीतून येते. शंकराचार्यांनी दोनच पर्याय ठेवले होते, जैनांनी तिसरा दाखवला. तर्क म्हणून हे उत्तर टिकते, असेच म्हणावे लागेल. अडवणूक स्वरूपाची नसून उपाधीची असू शकते, हे मान्य केले की ‘मिन-विड्थ’ हा वेगळा, बदलता येणारा गुणधर्म का ठेवला गेला तेही उमगते. मजकुराचे अखंडपण त्याच्या स्वरूपात नसते, त्याच्यावर लावलेल्या नियमांत असते.

काव्यशास्त्राने या अडचणीकडे निराळ्या नजरेने पाहिले आहे. आधार मोठा असूनही आधेय त्याहून मोठे वर्णिले, किंवा याच्या उलट, तर तो ‘अधिक’ नावाचा अलंकार होतो. ज्याला मांडणीत ओव्हरफ्लो म्हणून दोष मानतात, तेच कवितेत आनंदाचे किंवा महिम्याचे वर्णन ठरते. पडद्यावरच्या पेटीला मात्र ही सवलत नाही. तिच्यातले बटण वाचता आले पाहिजे, दाबता आले पाहिजे.

आधार आणि आधेय दोघेही एकमेकांकडे बघत राहिले की दुसऱ्या जातीचे बिघाड होतात. नैयायिकांनी अशा तर्कदोषांची नावे ठरवून दिली आहेत. स्वतःच स्वतःचे कारण होणे हा आत्माश्रय, दोघे एकमेकांवर अवलंबून राहणे हा अन्योन्याश्रय, तीन किंवा अधिकांचे वर्तुळ हे चक्रक, आणि कधीच न संपणारी साखळी ही अनवस्था. कंटेनरची उंची ‘ऑटो’, म्हणजे आतल्यांवर अवलंबून. आतल्या आयटमची उंची १०० टक्के, म्हणजे कंटेनरवर अवलंबून. हा शुद्ध अन्योन्याश्रय आहे. मधे आणखी एक ‘ऑटो’ पेटी आली की चक्रक. बीजापासून अंकुर आणि अंकुरापासून बीज ही अनादी साखळी दार्शनिक दोष मानत नाहीत, कारण तिथे काळ पुढे सरकतो आणि प्रत्येक बीज निराळे असते. एका क्षणात एकच पान मांडायचे असते तेव्हा हा आधार घेता येत नाही. ब्राउझरला वर्तुळ कुठेतरी तोडावेच लागते.

ब्राउझर हे वर्तुळ क्रम लावून तोडतो. उंचीच्या बाबतीत आधार अनिश्चित असेल तर टक्केवारी निष्प्रभ होते आणि ‘ऑटो’सारखी वागते. १०० टक्के लिहूनही पेटी मजकुराएवढीच का राहते, याचे कारण हे. कंटेनरला ‘मिन-हाइट’ देऊन बरेच जण समाधान मानतात, पण किमान उंची म्हणजे निश्चित उंची नव्हे; ‘याहून कमी नको’ असे सांगितल्याने ‘किती’ हे ठरत नाही. कंटेनरला ‘हाइट’च द्यावी, किंवा टक्केवारी सोडून ‘स्ट्रेच’वर विसंबावे; एका ओळीच्या निश्चित कंटेनरमध्ये ताणला गेलेला आयटम स्वतःही निश्चित समजला जातो आणि त्याच्या आतल्यांची टक्केवारी पुन्हा कामाला लागते. रुंदीच्या बाबतीत वर्तुळ वेगळ्या रीतीने तुटते. आतल्या मापाला चिकटणाऱ्या ‘इनलाइन-फ्लेक्स’ कंटेनरमध्ये एकच आयटम असून त्याची रुंदी ५० टक्के असेल, तर ब्राउझर आधी टक्केवारी नाहीच असे धरून आयटमची नैसर्गिक रुंदी कंटेनरला देतो, मग त्या रुंदीच्या निम्मी आयटमला देतो. कंटेनरचा अर्धा भाग रिकामा राहतो आणि मजकूर उरलेल्या अर्ध्यात कोंबला जातो. हे ब्राउझरचे चुकणे नव्हे. अन्योन्याश्रयाला खरे उत्तर नसते, फक्त ठरवून घेतलेले असते.

बिघाड शोधण्याची रीतही न्यायदर्शनाकडे तयार आहे: अन्वय आणि व्यतिरेक. एखादी गोष्ट असताना परिणाम असणे आणि नसताना नसणे, यांवरून कारण ठरते. कंटेनर अकारण रुंद झाला असेल तर एकेक आयटम तात्पुरता काढून पाहावा. ज्याच्या जाण्याने रुंदी घटते, त्याचे किमान माप वर पोचत आहे. आयटम दडपला जात असेल तर त्याचा ‘श्रिंक’ शून्य करावा. तो पूर्ववत झाला तर दडपण वाटणीतून आले होते, न झाला तर मापच मुळात तेवढे होते. उंचीबाबत शंका असेल तर कंटेनरला तात्पुरते ४०० पिक्सेल द्यावेत. आतली टक्केवारी जागी झाली तर दोष आधाराच्या अनिश्चितपणात आहे. अशा वेळी आयटमला हळूहळू पिक्सेल चढवत जाणे, ‘ओव्हरफ्लो: हिडन’ टाकून सांडलेले झाकणे हे उपाय टाळावेत. झाकण्याने तर कारणच बदलते, कारण ‘ओव्हरफ्लो: हिडन’ लावलेल्या आयटमचे किमान माप शून्य होते, मांडणी सुधारल्यासारखी दिसते, मूळ प्रश्न मात्र तसाच राहतो.

एका बिघाडात मात्र काम करणाऱ्याची चूक नसते. आयटम वरून खाली लावले आणि उंची भरली की त्यांनी शेजारच्या स्तंभात जावे, अशी रचना करून कंटेनरची ‘ऑटो’ रुंदी आतून ठरू दिली, तर स्तंभ दोनतीन होतात पण प्रचलित ब्राउझरांनी दीर्घकाळ कंटेनर एकाच स्तंभाएवढा ठेवला. अशा ब्राउझरांत पुढचे स्तंभ त्याच्या बाहेर पडतात आणि शेजारच्या मजकुरावर चढतात. सर्वांत रुंद आयटम पाहून रुंदी आधी ठरवली जाते. स्तंभ किती होणार हे उंची कळल्यावरच कळते, पण तोवर रुंदी ठरून गेलेली असते. प्रशस्तपादाच्या भाषेत सांगायचे तर अवयवाचे परिमाण मोजले गेले, अवयवांची संख्या मोजायची राहिली. आयटमवर कितीही बदल केले तरी हा दोष जात नाही, कारण तो मोजण्याच्या क्रमात आहे. ओळींची संख्या आधी ठरवता येत असेल तर ग्रिड ही दुसरी मांडणीपद्धत वापरून आयटम स्तंभवार भरावेत. तिथे प्रत्येक स्तंभ रुंदीत धरला जातो. संख्या ठरवता येत नसेल तर कंटेनरची लेखनदिशा उभी करून त्यात एरवी आडवी असणारी ‘रो’ मांडणी वापरावी आणि आयटमांची लेखनदिशा पुन्हा आडवी करावी. मग स्तंभ ओळी म्हणून मोजले जातात आणि कंटेनर सर्व आयटमांना सामावेल इतका रुंद होतो.